सतरा अब्ज सूर्य, अधिक-उणे किती?

फेब्रुवारी २०२४ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी झळकली. आजवरचा सर्वांत तेजस्वी क्वासार सापडला! नाव जे०५२९-४३५१. त्याचं तेज सूर्याच्या ५०० लाख कोटी पट, त्याच्या मध्यभागी बसलेल्या कृष्णविवराचं वस्तुमान १७ अब्ज सूर्यांइतकं, आणि भूक एवढी जबरदस्त की रोज एक सूर्य फस्त! प्रकाश आपल्यापर्यंत यायलाच १२ अब्ज वर्षांहून जास्त लागली. गंमत म्हणजे १९८० सालच्या आकाशाच्या छायाचित्रांतही हा ठिपका होता, पण इतका तेजस्वी ठिपका म्हणजे आपल्याच आकाशगंगेतला साधा तारा असणार, अशी समजूत राहिली. मोबाईलवर ही बातमी आली नाही असा विद्यार्थी विरळाच.

पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, चिली देशातल्या चार मोठ्या दुर्बिणी एकत्र जोडून खगोलशास्त्रज्ञांनी याच कृष्णविवराचं वस्तुमान वेगळ्या पद्धतीने काढलं. उत्तर आलं सुमारे ८० कोटी सूर्य. १७ अब्ज म्हणजे १७०० कोटी. १७०० कोटी आणि ८० कोटी! जवळजवळ एकवीस पटींचा फरक. ही दुसरी बातमी मात्र फारशी कुणी फॉरवर्ड केली नाही.

हे ऐकून आपल्याकडे दोन प्रकारचे उद्गार निघतात. पहिला, "हे शास्त्रज्ञ काय, उचलली जीभ लावली टाळ्याला!" दुसरा, "जाऊ दे रे, सतरा अब्ज काय नि ऐंशी कोटी काय, आपल्याला कुठे ते उचलायचंय!" माझ्या मते दोन्ही उद्गार चुकीचे आहेत, आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. आकड्याबरोबर त्याची त्रुटी वाचायची, विचारायची आणि लिहायची सवयच आपल्याला लागलेली नाही. इंजिनिअर होऊ घातलेल्या मंडळींसाठी ही गोष्ट साधी नाही. म्हणून हा लेख.

आधी हे वजन करतात तरी कसं ते पाहू. घाबरू नका, अकरावीच्या पुस्तकापलीकडे जायचं नाही. ग्रह सूर्याभोवती फिरतो तेव्हा वेगाचा वर्ग = जी × मध्यावरचं वस्तुमान ÷ अंतर. म्हणजे फिरणाऱ्या वस्तूचा वेग आणि मध्यापासूनचं अंतर कळलं की मध्यावर काय बसलंय त्याचं वस्तुमान मिळालं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर हेच केलं. तिथे एस-२ नावाचा तारा १६ वर्षांत एक फेरी मारतो. त्याची कक्षा वर्षानुवर्षं टिपून सुमारे ४३ लाख सूर्यांचं कृष्णविवर सिद्ध झालं, आणि त्यासाठी गेन्झेल आणि गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं. इथे कुणाचीच तक्रार नाही.

क्वासारची अडचण वेगळी आहे. मार्टिन श्मिट यांनी १९६३ मध्ये ३सी २७३ च्या वर्णपटातल्या हायड्रोजनच्या रेषा ओळखल्या. त्या तांबड्या बाजूला सुमारे १६ टक्के सरकलेल्या होत्या. म्हणजे ताऱ्यासारखा दिसणारा हा ठिपका दोन अब्ज प्रकाशवर्षांच्या आसपास दूर! एवढ्या अंतरावर एकेक तारा सुटा दिसणं अशक्य. कृष्णविवराभोवती गिरक्या घेणारे वायूचे ढग आहेत, पण तेही सुटे दिसत नाहीत. सगळा प्रकार एका ठिपक्यात जमा.

पण वर्णपट बोलतो. काही ढग आपल्याकडे येत असतात, काही दूर जात असतात, त्यामुळे डॉप्लर परिणामाने वर्णरेषा रुंद होते. क्वासारच्या रेषा सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाइतक्या रुंद असतात. झाला वेग. आता अंतर हवं. इथे जी युक्ती काढली तिला दाद द्यावीच लागेल. क्वासारचं तेज कमीजास्त होत असतं. मध्यावरचा दिवा मोठा झाला की त्याचा प्रकाश आधी थेट आपल्याकडे येतो, आणि ढगांपर्यंत जाऊन त्यांना उजळून मग थोड्या उशिराने त्याची बातमी वर्णरेषेतून येते. हा उशीर गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे ढगांचं अंतर! दरीच्या काठावर उभं राहून हाक मारायची आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो त्यावरून समोरचा कडा किती लांब ते सांगायचं, तसंच हे. ब्लँडफर्ड आणि मॅकी यांनी १९८२ मध्ये याचं गणित मांडलं. १९८८ च्या अखेरीपासून एनजीसी ५५४८ या जवळच्या सक्रिय दीर्घिकेवर अनेक वेधशाळांनी मिळून पाळत ठेवली आणि सुमारे २० दिवसांचा उशीर सापडला.

कॅल्क्युलेटर काढा. समजा उशीर २० दिवस आणि वेग सेकंदाला ५००० किलोमीटर. अंतर येतं साधारण ५.२ गुणिले दहाचा चौदावा घात मीटर. वेगाच्या वर्गाने गुणा, जी ने भागा. उत्तर सुमारे १० कोटी सूर्य. परीक्षेत पाच मार्कांना येईल असं गणित आहे.

आता खरी मेख. या उत्तराला आणखी एका आकड्याने गुणावं लागतं. ढग चपट्या तबकडीत फिरतात की गोळ्यासारखे चहूबाजूंनी, तबकडी आपल्याला समोरून दिसते की कडेने, वायू फिरतोय की बाहेर उधळला जातोय, यातलं काहीच नीट माहीत नसतं. या सगळ्या अज्ञानाचं गाठोडं करून त्याला एक गुणक म्हणायचं. २००४ मध्ये जवळच्या दीर्घिकांशी ताळमेळ घालून त्याची सरासरी किंमत सुमारे ५.५ काढली गेली. नंतरच्या अभ्यासांत ती चारच्या आसपासही आली. वेग मोजताना रेषेची रुंदी कोणत्या व्याख्येने घ्यायची, त्यावरही ती बदलते. म्हणजे निव्वळ गुणकातच एवढी हालचाल!

आणि दूरच्या क्वासारसाठी तर उशीर मोजणंही जिकिरीचं. मोठं विवर म्हणजे ढग लांब, उशीर वर्षांत. त्यात विश्वाच्या प्रसरणामुळे काळही ताणलेला दिसतो. मूळचा एक वर्षाचा उशीर ताम्रसृती २ असलेल्या क्वासारच्या बाबतीत आपल्याला तीन वर्षांचा दिसतो. तो खात्रीने पकडायचा तर त्याच्या कितीतरी पट काळ निरीक्षण हवं. एखाद्याची पीएचडी संपायची, पण प्रतिध्वनी यायचा नाही! म्हणून शॉर्टकट निघाला. कॅस्पी आणि सहकाऱ्यांनी इस्राएल आणि ॲरिझोना इथल्या दुर्बिणींतून साडेसात वर्षं निरीक्षणं करून २००० मध्ये १७ क्वासारचे उशीर प्रसिद्ध केले. त्यावरून आणि आधीच्या मापांवरून दिसलं की क्वासार जितका तेजस्वी, तितके ढग लांब. मग काय, एकदाच वर्णपट घ्या, तेजावरून अंतर काढा, रुंदीवरून वेग काढा, झालं वजन! एका रात्रीत काम फत्ते. आज ज्या लाखो क्वासारची वस्तुमानं याद्यांमध्ये आहेत ती जवळजवळ सगळी याच रीतीची. २०२० मध्ये रक्षित, बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे स्टालिन आणि कोटिलाइनेन यांनी प्रसिद्ध केलेल्या यादीत तर ५,२६,२६५ क्वासार आहेत.

यात फसवणूक काही नाही. पण मेकॅनिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनच्या मित्रांना यातला धोका लगेच कळेल. लोड सेल ५ किलोपर्यंत कॅलिब्रेट केला. रेघ छान सरळ आली. मग तीच रेघ पट्टीने पुढे वाढवली आणि तिच्यावर ट्रक तोलला. आकडा येईल. डिस्प्लेवर तीन दशांश स्थळांपर्यंत येईल! पण त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा? क्वासारचं तेज-अंतराचं नातं मुख्यतः जवळच्या आणि मध्यम तेजाच्या काही मोजक्या नमुन्यांवर, हायड्रोजनच्या एका रेषेवर बेतलेलं आहे. दूरच्या क्वासारमध्ये ती रेष सरकून अवरक्तात जाते. मग मॅग्नेशियमची किंवा कार्बनची रेष वापरतात आणि एका नात्यावर दुसरं नातं रचतात. कार्बनच्या रेषेत तर बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूचा वाटा बराच असतो. जो वायू कृष्णविवराभोवती फिरतच नाही, त्याचा वेग सूत्रात घालून कृष्णविवराचं वजन कसं काढणार? शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरं, पण शीत त्याच भांड्यातलं असावं.

टॉन ६१८ चं उदाहरण घ्या. "विश्वातलं सर्वांत मोठं कृष्णविवर" म्हणून व्हिडिओंमधून तो भलताच प्रसिद्ध आहे. ६६ अब्ज सूर्य! हा आकडा २००४ च्या निरीक्षणांतून, हायड्रोजनच्या रेषेवरून आलेला. २०१९ मध्ये कार्बनच्या रेषेवरून सुमारे ४० अब्ज आला. व्हिडिओवाल्यांनी कोणता घेतला ते सांगायला नको.

आता जे०५२९ कडे परत येऊ. चिलीतल्या पारानाल पर्वतावर ८.२ मीटर व्यासाच्या चार दुर्बिणी आहेत. त्यांचा प्रकाश एकत्र आणून व्यतिकरण घडवलं की बारकावे विलक्षण वाढतात. २०१८ मध्ये याच तंत्राने ३सी २७३ च्या ढगांची तांबडी बाजू आणि निळी बाजू एकमेकांपासून वेगळी टिपली गेली. म्हणजे ढग खरंच फिरताहेत हे "दिसलं". त्यातला बारकावा चंद्रावर ठेवलेलं रुपयाचं नाणं ओळखण्याइतका होता. कृष्णविवर निघालं सुमारे ३० कोटी सूर्यांचं. प्रतिध्वनीच्या पद्धतीने २००४ मध्ये त्याच क्वासारला सुमारे ८९ कोटी सूर्य मिळाले होते. म्हणजे तिप्पट फरक, आणि तिप्पट फरक या धंद्यात अपेक्षितच असतो. २०२५ मध्ये जे०५२९ वर हाच प्रयोग झाला तेव्हा कळलं की त्याच्या हायड्रोजनच्या रेषांतला ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश फिरणाऱ्या ढगांचा नव्हेच, तर सेकंदाला १०,००० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने बाहेर उधळणाऱ्या वायूचा आहे! रेष रुंद होती हे खरं, पण ती रुंदी गुरुत्वाकर्षणाने आलेली नव्हती. म्हणून वजन एवढं खाली आलं.

म्हणजे २०२४ चे शास्त्रज्ञ चुकले का? मी तसं म्हणणार नाही. त्यांनी सर्वमान्य पद्धत वापरली, आणि त्या पद्धतीत वस्तुमान सहज तिप्पट इकडे किंवा तिप्पट तिकडे असू शकतं हे या क्षेत्रातला प्रत्येक जण जाणतो. १ अब्ज लिहिलं असेल तर ते ३३ कोटी ते ३ अब्ज असं वाचायचं. आणि ८० कोटी हाही काही ब्रह्मवाक्य नव्हे. त्यामागेही ढगांचं एक मॉडेल आहे, उद्या तेही सुधारेल. माझी तक्रार वेगळ्याच ठिकाणी आहे. शोधनिबंधात जो "सुमारे" असतो तो प्रसिद्धीपत्रकात बारीक होतो, बातमीत गायब होतो, आणि आपल्या तोंडी येईपर्यंत "१७ अब्ज" हा सातबाऱ्यावरचा आकडा झालेला असतो! मग तो बदलला की वाचकाला वाटतं, विज्ञानाने शब्द फिरवला. विज्ञानाने शब्द फिरवलेला नसतो, आपण त्याचं अर्धंच वाक्य ऐकलेलं असतं.

त्रुटीही दोन जातींच्या असतात, आणि इथेच बरेच जण फसतात. २०२१ मध्ये जे०३१३-१८०६ हा त्या वेळचा सर्वांत दूरचा क्वासार जाहीर झाला. वस्तुमान १.६ अब्ज, अधिक-उणे ०.४ अब्ज. वाचणाऱ्याला वाटेल, वा, फक्त २५ टक्के त्रुटी! पण हे ०.४ फक्त रेष मोजण्यातलं. पद्धतीच्याच आत दडलेली तिप्पटची त्रुटी त्याच्या बाहेर उभी आहे. पहिली त्रुटी वारंवार रीडिंग घेऊन कमी होते. दुसरी होत नाही. फुटपट्टीच सुरुवातीला दोन मिलिमीटर झिजलेली असेल तर शंभर रीडिंगची सरासरी काढली तरी उत्तर तेवढंच चुकतं, फक्त चूक अधिक आत्मविश्वासाने होते.

कुणी विचारेल, या घोळाने बिघडतं काय? बरंच बिघडतं. जे०३१३ चा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय होतं सुमारे ६७ कोटी वर्षं. कृष्णविवराला खाण्याचीही मर्यादा असते. फार वेगाने खाल्लं तर त्याच्याच प्रकाशाचा दाब अन्न बाहेर ढकलतो. या मर्यादेत राहून त्याचं वस्तुमान सुमारे ५ कोटी वर्षांत २.७ पट होतं. १०० सूर्यांच्या बीजापासून १.६ अब्जांपर्यंत पोचायला मग ८० कोटी वर्षांहून जास्त लागतात. विश्वाच्या वयापेक्षा जास्त! यावरून मोठमोठे सिद्धांत उभे राहिले. ताऱ्याशिवाय थेट ढगातूनच लाख सूर्यांचं विवर जन्मतं का, मर्यादा मोडून खाता येतं का, इत्यादी. वस्तुमान दहापट कमी निघालं तर वाढीच्या हिशोबात साडेअकरा कोटी वर्षांची सूट मिळते. पण तेज तर मोजलेलं आहे, ते कमी होत नाही. मग छोटं विवर मर्यादेबाहेर खातंय असं मानावं लागतं. जे०५२९ च्या नव्या मापातून नेमकं हेच निघतं. म्हणजे एका अधिक-उणे चिन्हावर विश्वाच्या बालपणाची गोष्ट फिरते. जेम्स वेब दुर्बिणीला २०२२ पासून दिसू लागलेल्या छोट्या लाल ठिपक्यांबद्दलही हाच वाद आहे. त्यांच्या रेषा वेगामुळे रुंद आहेत की दाट वायूतल्या इलेक्ट्रॉन्सवर प्रकाश विखुरल्यामुळे? उत्तरानुसार वजन कितीतरी पट बदलेल.

प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. पुण्यात आयुका उभी करणारे डॉ. जयंत नारळीकर यांनी तर क्वासारची ताम्रसृती म्हणजे अंतरच असं धरावं का, हा मूलभूत प्रश्न हॉइल, बर्बिज यांच्यासोबत कित्येक वर्षं लावून धरला. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी त्यांचं म्हणणं स्वीकारलं नाही, आणि पुरावाही ताम्रसृती म्हणजे अंतर याच बाजूला झुकला. पण सगळ्यांनी मान्य केलेल्या आकड्यालाही "हे कशावरून?" विचारता येतं, हे आपल्याच माणसाने आपल्याला दाखवून दिलं.

आणि आपण काय करतो? कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजची जर्नल्स उघडून पाहा. बॅचमधल्या पंचवीस जणांचं यंगचं मॉड्युलस शेवटच्या अंकापर्यंत सारखं! आधी पुस्तकातलं उत्तर, मग त्याला शोभेलसं रीडिंग. "त्रुटीची कारणे" या मथळ्याखाली वर्षानुवर्षं चालत आलेली तीन वाक्यं. रीडिंग पुस्तकाशी जुळलं नाही तर मार्क जातात, म्हणून जुळवलं जातं. दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही, पद्धतच जुळणाऱ्या उत्तराला बक्षीस देते. पण याच सवयीने उद्या कुणी काँक्रीटच्या क्यूबची ताकद लिहिली, ब्रेकचं अंतर लिहिलं, रुग्णाला द्यायच्या औषधाचा पंप कॅलिब्रेट केला, तर? कृष्णविवराचं वजन वीस पटींनी चुकलं तरी कुणाच्या अंगावर पडत नाही. पूल पडतो.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत, पटल्या तर घ्या. एक, प्रॅक्टिकलचे निम्मे मार्क उत्तराला नव्हे, त्रुटीच्या हिशोबाला द्यावेत. पुस्तकाशी १२ टक्के न जुळणारं पण १५ टक्के त्रुटी प्रामाणिकपणे दाखवणारं जर्नल हे शून्य त्रुटीच्या जर्नलपेक्षा सरस मानावं. दोन, प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक पान सक्तीचं असावं: आमचा सेन्सर कशाशी ताडून पाहिला, कुठल्या मर्यादेपर्यंत, आणि त्यापलीकडे आम्ही काय गृहीत धरलं. तीन, ज्यांना हौस आहे त्यांनी स्लोन सर्वेक्षणाचे वर्णपट इंटरनेटवरून उतरवावेत, फुकट आहेत. एखाद्या क्वासारची रेष घ्या, रुंदी मोजा, वजन काढा. मग गुणक ४ ऐवजी ५.५ घाला आणि उत्तर कसं हलतं ते पाहा. रुंदीत १० टक्के चूक केली तर वर्गामुळे वजनात २१ टक्के कशी होते तेही पाहा. दोन तासांचं काम आहे, पण वर्षभराच्या लेक्चरपेक्षा जास्त शिकवून जातं.

खगोलशास्त्रज्ञांचं मला कौतुक वाटतं ते यासाठी की ज्या वस्तूजवळ कधीच जाता येणार नाही, जी दिसतही नाही, तिचं वजन सांगताना ते स्वतःच्या तराजूचाही हिशोब मांडतात, आणि वीस वर्षांनी नवा तराजू मिळाला की जुनं माप पुन्हा तपासतात. आपला तराजू तर लॅबमध्ये टेबलावरच असतो. पुढच्या वेळी कुठलाही मोठा आकडा कानावर आला, क्वासारचा असो, प्लेसमेंटच्या पॅकेजचा असो की नव्या पुलाच्या भारक्षमतेचा, एवढंच विचारा: अधिक-उणे किती, आणि कशावरून?